इंग्रजी होकाराची प्रतवारी

आपल्या बोलीत पसंतीच्या आणि होकाराच्या शब्दांना तोटा नाही. बैल मनास आला की आपण 'बेस आहे' म्हणतो, रस्सा जमला की 'फक्कड', पोराने तास सरळ काढले की 'शाब्बास', सौदा पटला की 'मंजूर'. एकट्या 'बरं' या शब्दाचेच पाहा. 'पीक बरं आहे' म्हणजे मध्यम आहे. 'बरं झालं आलात' म्हणजे फार चांगले झाले. 'बरं, बरं' म्हणजे आता पुरे करा. आणि एखाद्या साहेबाने किंवा सोयऱ्याने 'बघू' म्हटले, की तो नकार आहे हे शेंबड्या पोरालाही कळते. हे कोणी शिकवलेले नसते. बोलणाऱ्याचा सूर ऐकून आणि तोंड पाहून आपण ओळखतो.

इंग्रजी मात्र आपल्या घरात बहुतेक वेळा कागदावरून येते. बँकेचे पत्र, मुलांचे प्रगतिपुस्तक, बियाण्याची माहितीपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचे लेबल आणि हल्ली फोनवरचा संदेश. कागदाला ना सूर, ना चेहरा. मग होकार किती पक्का आहे आणि पसंती किती खरी आहे हे सांगायचे काम इंग्रजीत एक लहानसा शब्द करतो. व्याकरणात त्याला क्रियाविशेषण म्हणतात. क्रिया कशी झाली, कितपत झाली हे तो सांगतो. आपण 'गुड', 'ॲप्रूव्हड', 'सँक्शन्ड' हे ठळक शब्द तेवढे वाचतो आणि त्यांना चिकटून बसलेल्या या लहान शब्दाला ओलांडून पुढे जातो. घोटाळा होतो तो तिथेच. विस्ताराच्या कामात इतकी वर्षे खेडोपाडी हिंडताना 'साहेब, एवढं वाचून दाखवा' म्हणून पुढे आलेले असे कागद मी ढिगाने पाहिले. त्या अनुभवावरून हे चार शब्द.

शब्द वाढला म्हणून माल वाढत नाही

चाळीतला कांदा आपण निवडतो तेव्हा मोठा, मध्यम आणि गोल्टी असे ढीग पाडतो. इंग्रजी 'गुड'चेही असेच ढीग आहेत. 'व्हेरी गुड' म्हणजे फार चांगले, यात वाद नाही. 'फेअरली गुड' मात्र नुसत्या 'गुड'च्या खाली येते. शब्द एक वाढला, तर कौतुकही वाढले असेल असे आपल्याला वाटते, पण इथे उलटे आहे. 'फेअरली' म्हणजे बऱ्यापैकी. गुरुजींनी पोराच्या पुस्तकात 'फेअरली गुड' लिहिले असेल तर पेढे आणायची घाई करू नये. घरी थोडा अभ्यास घ्यावा. 'सॅटिस्फॅक्टरिली' म्हणजे समाधानकारक रीतीने. वाचायला गोड वाटतो, पण हा शब्द काम निभावण्यापुरते झाले एवढेच सांगतो. 'प्रिटी वेल'मधल्या 'प्रिटी'चा सुंदरपणाशी काही संबंध नाही, तोही बऱ्यापैकीच.

फोनवर भाषांतर करून घेणाऱ्या तरुण मंडळींनी एक ध्यानात ठेवावे. 'फेअरली' या शब्दाला निःपक्षपातीपणे, न्यायाने असाही दुसरा अर्थ आहे. वाक्यात कोणता बसतो ते आपणच पाहायचे असते. 'फेअरली गुड'चे भाषांतर 'न्याय्य रीतीने चांगला' असे समोर आले, तर यंत्राने चुकीच्या ढिगात हात घातला असे समजावे.

सगळ्यांत फसवा शब्द 'क्वाइट'. नाशिककडची द्राक्षे नेदरलँड्स आणि इंग्लंडच्या बाजारात जातात, त्यामुळे तिकडच्या खरेदीदारांची पत्रे आपल्या बागाइतदारांच्या हाती पडतात. इंग्लंडचा माणूस मालाला 'क्वाइट गुड' म्हणाला तर त्याच्या मनात सहसा 'ठीक आहे, वाईट नाही' एवढेच असते. अमेरिकेचा माणूस तेच दोन शब्द लिहील तेव्हा त्याला बरेच चांगले म्हणायचे असते. भाषा एक, शब्द एक, अर्थात मात्र एका प्रतीचा फरक. त्यात 'क्वाइट राइट' म्हणजे अगदी बरोबर, हे दोन्हीकडे सारखेच! असा शब्द पत्रात आला की पुढचे वाक्य वाचावे. पुढे 'बट' असेल, म्हणजे 'पण' असेल, तर त्या 'पण'च्या मागेच खरा अभिप्राय दडलेला असतो.

'हार्ड' आणि 'हार्डली'

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. मुले भराभरा शब्द शिकतात. परंतु एक चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिचे मूळ पोरांच्या आळसात नसून आपल्या भाषेच्या घडणीत आहे. आपण म्हणतो, 'तो चांगला खेळतो', 'ती चांगली खेळते', 'ते चांगले खेळतात'. 'चांगला' हा शब्द माणूस पाहून रूप बदलतो आणि क्रियेचेही काम करतो. माणसालाही चांगला, खेळालाही चांगला. इंग्रजीत हे दोन शब्द वेगळे. माणूस 'गुड', पण तो खेळतो 'वेल'. म्हणून आपले पोर 'ही प्लेज गुड' लिहिते आणि तांबडी रेघ खाते. 'वेल डन' हा शब्द प्रत्येक वहीत असतो. 'गुड डन' कोणी लिहीत नाही, एवढे दाखवून दिले तरी पोराच्या डोक्यात पक्के बसते.

पुष्कळ शब्दांना शेवटी 'ली' लावले की क्रियाविशेषण होते. 'नाइस'चे 'नाइसली', म्हणजे छानपैकी. 'राइट'चे 'राइटली', म्हणजे योग्य तेच. 'वाइज'चे 'वाइजली', म्हणजे शहाणपणाने. पण सरसकट 'ली' लावत सुटू नये. 'हार्ड' म्हणजे कष्टाने, 'हार्डली' म्हणजे क्वचितच, जवळजवळ नाहीच. 'शी वर्क्स हार्ड' म्हणजे ती मेहनत करते. 'शी हार्डली वर्क्स' म्हणजे तिचा कामाला हातच लागत नाही. सुनेविषयी इंग्रजीत कौतुक लिहिणाऱ्या दिराने हे जपावे! तसेच 'लेट' म्हणजे उशिरा आणि 'लेटली' म्हणजे अलीकडे. उलट 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉस्टली' यांना 'ली' असूनही ती विशेषणेच आहेत. आपले साप्ताहिक, म्हणजे 'वीकली', हे तर नामच होऊन बसले आहे.

कचेरीचा होकार

आता जिथे पैशाचा आणि जमिनीचा संबंध येतो तिकडे वळू. सरकारी आणि बँकेच्या पत्रांतले होकार पाच-सात जातींचे असतात आणि त्यांपैकी एखादाच पूर्ण होकार असतो.

'इन प्रिन्सिपल ॲप्रूव्हड' म्हणजे तत्त्वतः मान्य. कल्पना पटली, पैसे अजून दिलेले नाहीत. 'प्रोव्हिजनली' म्हणजे तात्पुरते. कृषी पदविकेच्या किंवा पदवीच्या प्रवेशाच्या पहिल्या याद्यांवर हाच शब्द असतो आणि त्या यादीत नाव दिसताच गावात बॅनर लागतात. 'कंडिशनली' म्हणजे सशर्त. 'सब्जेक्ट टू' आले की त्यामागून अटी येतात. 'ड्यूली' म्हणजे रीतसर. 'ड्यूली फिल्ड फॉर्म' म्हणजे नीट भरलेला अर्ज. पण 'ड्यूली नोटेड' असे उत्तर आले तर तुमचे म्हणणे रीतसर नोंदवून घेतले, याहून अधिक काही झालेले नाही. 'सिंपथेटिकली' म्हणजे सहानुभूतिपूर्वक. अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार केला जाईल, हे वाक्य मराठीतही आपण जाणतो आणि त्याची किंमतही जाणतो. 'फेव्हरेबली' त्याहून बरा, म्हणजे अनुकूलपणे. तरीही क्रिया 'विचार करणे' हीच आहे. 'देणे' ही नाही.

एका घरची हकिकत सांगतो. 2019 च्या दिवाळीनंतरची गोष्ट आहे. दोघे नवराबायको कष्टाळू, चार एकर जिराईत, जोडधंदा म्हणून पोल्ट्रीची शेड घालायची म्हणून कर्जाचा अर्ज केलेला. बँकेचे इंग्रजी पत्र आले. बारावीतल्या मुलाने वाचले, 'ॲप्रूव्हड'. घरात आनंद झाला. शेडची जागा मोकळी करायची म्हणून आजोबांनी लावलेली आंब्याची दोन झाडे तोडली. शेडवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची म्हणून वहिनींनी बचत गटातून कर्ज उचलले, दर महिन्याच्या हप्त्याने. महिना झाला, दोन झाले, खात्यात पैसा येईना. तेव्हा पत्र घेऊन ते माझ्याकडे आले.

पत्रात 'ॲप्रूव्हड'च्या पुढे 'इन प्रिन्सिपल' हे दोन शब्द होते आणि खाली 'सब्जेक्ट टू' म्हणून सहा अटी होत्या. चौथी अट अशी, की सात-बारावर ज्यांची ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची जमीन गहाण ठेवण्यास लेखी संमती हवी. सात-बारावर आजोबांमागे वारस म्हणून आत्याचेही नाव लागलेले होते. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने 1994 साली कायद्यात आणला आणि 2005 च्या दुरुस्तीने तो देशभर झाला. तेव्हा आत्याची सही ही काही नुसती उपचाराची गोष्ट नव्हती.

यात कोणा हुशार माणसाने सल्ला दिला, की संमतिपत्रापेक्षा आत्याकडून हक्कसोडपत्रच करून घ्या, एकदाचे मिटेल. कागद तयार झाला. त्यात नेहमीचा शब्द होता, 'राजीखुशीने'. इंग्रजी दस्तात याच जागी 'विलिंगली' किंवा 'व्हॉलंटरिली' असतो. आत्या पलीकडच्या तालुक्यातून आली. तिने कागद आधी वाचून दाखवायला लावला. सगळे ऐकून घेतले आणि भाच्याला म्हणाली, "कर्ज काढायला माझी ना नाही बाबा. पण हे 'राजीखुशीने' माझ्या नावावर कोणी लिहिलं? मला तर अजून कोणी विचारलंच नाही."

घरात सगळे गप्प झाले. भाचा खाली बघत राहिला. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "आत्या, तुमचं बरोबर आहे. तुम्ही सांगाल तसा कागद करू." मग गहाणाला संमती देणारा वेगळा कागद झाला, हक्क आत्याकडे राहिला. आत्याने त्यावर सही केली. कर्जाची रक्कम हातात पडेपर्यंत मात्र पुढचा उन्हाळा उजाडला. तोवर बचत गटाचे हप्ते भरायला दोन शेळ्या गेल्या. आंब्याची झाडे तर गेलीच होती.

माझ्या मते त्या घरातल्या सर्वांपेक्षा आत्याला क्रियाविशेषण अधिक कळत होते, आणि ती कधी इंग्रजी शाळेत गेली नव्हती. दस्तातला, दवाखान्याच्या संमतिपत्रातला किंवा विम्याच्या फॉर्ममधला 'विलिंगली' हा शब्द तुमच्या वतीने छापखान्यातून तयार होऊन येतो. तो खरा आहे की नाही हे सही करणाऱ्यानेच ठरवायचे आहे. बायाबापड्यांनी तर अंगठ्याला शाई लावण्याआधी 'यात राजीखुशीचा शब्द कुठे आहे ते दाखवा' असे सरळ म्हणावे. त्यात लाज कसली?

बँकेत विचारायचा प्रश्नही एकच आहे आणि तो मराठीत विचारला तरी चालतो: ही अंतिम मंजुरी आहे का, आणि माझ्याकडून अजून काय बाकी आहे? उत्तर लेखी घ्यावे. अनुदानाच्या योजनांतही 'पूर्वसंमती' हाती पडण्याआधी ठिबकचा संच किंवा अवजार खरेदी केले तर अनुदान अडकते. पूर्वसंमतीनंतर खरेदी, मग बिल, मग तपासणी आणि मग पैसे, हा क्रम आहे. अर्ज स्वीकारला गेल्याचा संदेश म्हणजे पूर्वसंमती नव्हे.

प्रयोगशेतावरची पसंती

हा भाग माझ्या शिक्षणाचा, म्हणून थोडा सविस्तर लिहितो. संशोधन केंद्राच्या अहवालात नव्या वाणाविषयी 'सिग्निफिकंटली सुपीरिअर' असे लिहिलेले असते. विक्रेता त्याचे मराठी 'लक्षणीय सरस' असे करतो आणि आपल्या डोळ्यांपुढे दुप्पट पोती उभी राहतात. या 'सिग्निफिकंटली'चा अर्थ वेगळा आहे. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रावर 1919 पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगांच्या हिशेबाची पद्धत बसवली. त्यांचे त्यावरचे पुस्तक 1925 साली निघाले. एकाच वाणाचे दोन वाफे शेजारी शेजारी लावले तरी उत्पन्न सारखे येत नाही, हे आपण रोज पाहतो. जमीन, ओल, कीड यांनी फरक पडतोच. मग दोन वाणांतला फरक वाणामुळे आला की नुसता योगायोगाने, हे ओळखण्याची ती पद्धत. फरक योगायोगाने येण्यासारखा नाही असे हिशेबाने दिसले, की 'सिग्निफिकंटली' लिहितात. फरक मोठा आहे असे तो शब्द म्हणत नाही.

समजा, जुन्या सोयाबीनला हेक्टरी 22 क्विंटल आणि नव्याला 24 आले. अहवालाच्या तक्त्याखाली 'सीडी' म्हणून एक आकडा असतो, त्याला क्रांतिक फरक म्हणतात. तो 3 असेल, तर दोन क्विंटलांचा फरक त्याच्या आत पडतो. मग अहवालात 'ॲट पार' लिहिलेले आढळेल, म्हणजे दोन्ही वाण बरोबरीचे. तो आकडा 1 असेल, तर तोच दोन क्विंटलांचा फरक 'सिग्निफिकंट' ठरतो. पण नव्या बियाण्याची पिशवी किती महाग आहे, हा हिशेब तरीही तुम्हालाच मांडायचा आहे. शास्त्रज्ञाने तो मांडलेला नसतो.

'मॉडरेटली रेझिस्टंट' हे दोन शब्दही असेच. 'रेझिस्टंट' म्हणजे रोगाला दाद न देणारा; 'मॉडरेटली' लागले की मध्यम प्रतिकारक. अशा वाणावर रोगाला पोषक हवामानात रोग येतो, फवारणीची तयारी ठेवावीच लागते. रोग आला म्हणून बियाणे बोगस म्हणायचे कारण नाही. पिशवीने तसे आधीच सांगितले होते.

या शब्दांची प्रत जिवावर बेतते ती कीटकनाशकाच्या बाटलीवर. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे विषाचे चार गट आहेत. लाल त्रिकोण म्हणजे 'एक्स्ट्रीमली' विषारी, पिवळा म्हणजे 'हायली', निळा म्हणजे 'मॉडरेटली' आणि हिरवा म्हणजे 'स्लाइटली'. म्हणजे अत्यंत, फार, मध्यम आणि किंचित. हिरवा रंग पाहून पुष्कळांना वाटते की हे पसंतीचे निशाण आहे, सिग्नलसारखे. 'स्लाइटली'ला जोडून 'टॉक्सिक' हा शब्द आहेच. हिरव्या त्रिकोणाच्या औषधालाही हातमोजे आणि तोंडावर फडके लागतेच, आणि रिकाम्या बाटलीत गोडे तेल आणायचे नाही.

बोलण्यातले होकार

राज्यकर्ते बदलले की होकाराचे शब्दही बदलतात, ही मला नेहमी गमतीची गोष्ट वाटते. 'मंजूर', 'कबूल', 'जरूर' हे मूळचे अरबी शब्द फारसी दरबाराच्या वाटेने आपल्याकडे आले, 'पसंत' फारसीच. 'शाब्बास'सुद्धा फारसी 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा. आज कोणाला ते परके वाटतात? इंग्रजीबरोबर 'पास' आणि 'ओके' आले. 'ओके' हा अमेरिकेतल्या बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात 1839 साली 'ऑल करेक्ट'चे मुद्दाम अशुद्ध लिहून केलेल्या थट्टेतून छापला गेला आणि आता आपल्या ट्रॅक्टरवर लिहिलेला असतो. तेव्हा आपल्या मुलांच्या तोंडी 'डेफिनेटली' आणि 'एक्झॅक्टली' आले म्हणून मी तरी कपाळाला आठ्या घालत नाही. फक्त शब्द योग्य जागी पडावा.

मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी एवढे पुरे. 'सोमवारी हजर व्हाल का?' असे विचारले तर 'सर्टनली, सर' हे नम्र आणि पक्के उत्तर. 'श्युअर' हे मित्रामित्रांत ठीक. साहेबापुढे जरा सैल वाटते. 'ऑफ कोर्स'मध्ये 'हे काय विचारणे झाले!' असा सूर येऊ शकतो, म्हणून तो जपून वापरावा. 'श्युअरली' हा तर 'श्युअर'चा भाऊ दिसतो, पण त्यात पुष्कळदा शंका असते. 'असे नसेल ना?' या अर्थी इंग्रज माणूस तो वापरतो. 'ॲब्सोल्यूटली' म्हणजे शंभर टक्के सहमत. ऊठसूट वापरला की त्याचे वजन जाते. 'ग्लॅडली' म्हणजे आनंदाने, एखादे काम अंगावर घेताना शोभतो. 'काइंडली' हा होकार नव्हे, विनंती आहे. अर्जाच्या सुरुवातीला एकदा आला की पुरे. प्रत्येक ओळीत 'काइंडली' घातलेला अर्ज वाचणाऱ्याला कंटाळा आणतो.

आणि यायचे नसेल तर 'डेफिनेटली' म्हणू नये. 'आय विल ट्राय', म्हणजे प्रयत्न करीन, असे म्हणावे. आपल्या 'बघू'पेक्षा ते थोडे वरच्या प्रतीचे आहे.